टॅब्लेटची मूर्च्छा व तिचा उपचार



एखादें यंत्र चालेनासें झालें कीं, "तें मेलें" असें म्हणण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. घड्याळ मेलें, मोटार मेली, रेडिओ मेला, आणि आतां टॅब मेला. शब्द सोपा आहे. पण त्यांत एक धोका आहे. मेलेल्यास कोणी औषध देत नाहीं. हा शब्द तोंडांतून गेला कीं विचार थांबतो, टॅब कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन पडतो, आणि घरांत नव्या टॅबच्या किमतीची चर्चा सुरू होते. वस्तुतः बटण दाबूनही ज्याचा पडदा उजळत नाहीं व चार्जर लावूनही ज्यावर कसलें चिन्ह उमटत नाहीं, अशा टॅबांपैकीं पुष्कळसे केवळ मूर्च्छित असतात. त्यांस शुद्धीवर कसें आणावें, कोणत्या क्रमानें त्यांची परीक्षा करावी, आणि कोठें आपला हात आंवरून घ्यावा, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

हा विषय शाळेच्या वार्षिकांत घेण्याचें कारण उघड आहे. टॅब ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. ५ ऑक्टोबर २०११ रोजीं केंद्र सरकारनें 'आकाश' नांवाचा स्वस्त टॅब विद्यार्थ्यांसाठीं दिल्लींत प्रसिद्ध केला, तेव्हां तें एक नवल होतें. २०१५ सालीं मुंबई महानगरपालिकेनें आपल्या शाळांतील आठवीच्या मुलांच्या हातीं टॅब दिले. मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें शाळांचीं दारें बंद झालीं, आणि फळा व खडू यांची जागा पुष्कळ घरीं या वीतभर पाटीनें घेतली. त्यानंतरच्या वर्षांत नागपूरच्या 'महाज्योती'नें, म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्थेनें, इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गांतील, दहावी उत्तीर्ण होऊन अभियांत्रिकी वा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींस टॅब दिले.

आपल्या महागांव तालुक्यासारख्या भागांत अशा परीक्षांची शिकवणी दारापाशीं मिळत नाहीं. तेथें हा टॅबच मुलाचा शिक्षक, ग्रंथालय आणि प्रश्नसंग्रह असतो. परीक्षेस चार दिवस उरले असतां तो काळवंडून बसला, तर पैशाच्या नुकसानीहून अभ्यासाचें नुकसान मोठें. शिवाय एखाद्या कंपनीचें अधिकृत दुरुस्तीकेंद्र गांठावयाचें, तर पुसद-उमरखेडच्याही पलीकडे, यवतमाळ किंवा नांदेडपर्यंत जावें लागण्याचा संभव असतो. म्हणजे वडिलांची एका दिवसाची मजुरी बुडाली, आणि गाडीभाडें तें वेगळेंच. ही खेप घालण्यापूर्वीं घरीं बसून जें निर्धोकपणें करतां येतें, तें केलेंच पाहिजे.

प्रथम टॅबच्या पोटांत काय असतें तें पाहूं. पाठीमागची बरीचशी जागा व्यापून तेथें एक चपटी बॅटरी बसविलेली असते. ती लिथियम-आयन जातीची होय. ही जात सोनी कंपनीनें १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणिली. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या वेळीं गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतक्या उतारवयांत नोबेल पारितोषिक तोंपर्यंत कोणासही मिळालें नव्हतें. या बॅटरींत दोन ध्रुव असतात. एक बहुधा ग्रॅफाइटचा व दुसरा धातूंच्या ऑक्साइडचा. चार्जिंग होत असतां लिथियमचे विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, ऑक्साइडांतून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. टॅब वापरला जात असतां ते पुन्हां परत फिरतात. या येरझारेंतूनच आपणांस वीज मिळते.

अशा पूर्ण भरलेल्या घटाचा विद्युद्दाब सुमारें ४.२ व्होल्ट, कांहीं नव्या बॅटरींत किंचित् अधिक, असतो. वापराबरोबर तो उतरत जातो, आणि ३ ते ३.४ व्होल्टच्या आसपास आला कीं टॅब आपण होऊन बंद होतो. शेतकऱ्याच्या मुलांस यांतील मर्म चटकन् कळेल. विहिरीचें पाणी फुटव्हॉल्व्हच्या खालीं गेलें कीं शहाणा शेतकरी मोटार बंद करतो, कारण कोरडी मोटार जळते. विहिरींत तळाशीं थोडें पाणी असतें, पण तें उपसावयाचें नसतें. टॅबही तसाच तळाची थोडी वीज राखून ठेवतो.

परंतु टॅब बंद पडला म्हणून विजेचा खर्च सर्वस्वीं थांबत नाहीं. आंतील घड्याळ व इतर बारीक भाग थेंबथेंब वीज घेतच राहतात, आणि कांहीं वीज बॅटरींतल्या बॅटरींतच जिरते. असे आठवडे लोटले म्हणजे दाब अडीच व्होल्टच्या आसपास येतो. येथें बॅटरीच्या अंगास जोडलेली एक बारीक संरक्षक पट्टी पुढें होते व बॅटरीचा बाहेरच्या जगाशीं संबंध तोडून टाकते. आतां टॅबच्या दृष्टीनें बॅटरी जणूं नाहींच. हीच ती मूर्च्छा.

आपल्या विदर्भांत ती वरचेवर दिसण्यास एक खास कारण आहे. येथल्या उन्हामुळें शाळा राज्याच्या इतर भागांहून उशिरां, जूनच्या अखेरीस उघडतात. एप्रिलमध्यें परीक्षा संपली, चार टक्के उरलेला टॅब पेटींत ठेविला, आणि जूनअखेर बाहेर काढला, तर तो निपचित पडलेला आढळावा यांत नवल तें काय?

अशा टॅबास चार्जर लावला म्हणजे आंत काय घडतें, हें समजून घेणें सर्वांत महत्त्वाचें आहे. चार्जिंगवर देखरेख करणारा भाग प्रथम बॅटरीचा दाब तपासतो. तो फार उतरलेला आढळल्यास तो पूर्ण प्रवाह सोडीत नाहीं. अगदीं क्षीण प्रवाह सोडून दाब सुमारें ३ व्होल्टपर्यंत हळूहळू चढवितो, आणि मग नेहमीचा प्रवाह सुरू करतो. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसास पहिल्याच पंगतींत पुरणपोळी वाढीत नाहींत. आधीं पेज पाजतात. येथेंही तोच न्याय आहे. अतिशय उतरलेल्या बॅटरींत एकदम जोराचा प्रवाह घुसविल्यास तिच्या अंतरंगास कायमची इजा होते. ही पेज पाजण्याची क्रिया चालू असतां पडदा उजळण्याइतकीही शक्ति टॅबजवळ नसते. म्हणून बॅटरीचें चित्र उमटत नाहीं, दिवा लागत नाहीं. मनुष्य पांच मिनिटें वाट पाहतो, "कांहीं होत नाहीं" म्हणून चार्जर काढतो, आणि टॅब मेल्याचें जाहीर करतो. वास्तविक त्या वेळीं उपचारास नुकता आरंभ झालेला असतो.

आतां प्रत्यक्ष परीक्षेकडे वळूं. तिचा नियम एकच: बाहेरून आंत जावें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार्जर, केबल व सॉकेट हीं तिन्ही एकदम बदललीं आणि टॅब सुरू झाला, तर दोष कोणाचा होता हें कधींच कळणार नाहीं, व बिघडलेली वस्तु घरांत तशीच राहून उद्यां पुन्हां फसवील. विज्ञानाच्या तासास तुम्ही प्रयोग करतां तेव्हां हाच नियम पाळतां.

सर्वांच्या आधीं टॅबचें शरीर पाहावें. तो सपाट टेबलावर उताणा ठेवून बोटानें हलकेच दाबावा. तो डुलतो काय? पाठ फुगली आहे काय? पडदा कडेनें उचलला गेला आहे काय? गोडसर, रंगाच्या पातळ द्रवासारखा वास येतो काय? यांपैकीं एकही खूण आढळली, तर चार्जर लावूंच नये. त्याविषयीं पुढें सांगितलें आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. लिथियम-आयन बॅटरी साधारणतः ० ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेंतच भरावी असा दंडक आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत मे महिन्यांत सावलींतला पारा ४४-४५ अंशांवर जातो. टिनाच्या छपराखालीं किंवा खिडकींतल्या उन्हांत तर त्याहूनही वर. अशा वेळीं पुष्कळ टॅब चार्जिंग घेण्याचें आपण होऊन नाकारतात. तो बिघाड नव्हे, शहाणपण आहे. टॅबवरील जाड आवरण काढून तो घरांतल्या सर्वांत थंड जागीं तासभर ठेवावा. किंवा पहांटे चार्जिंग करावें. थंड करण्यासाठीं फ्रिजमध्यें मात्र ठेवूं नये. बाहेर काढतांच हवेंतील बाष्प त्याच्या अंगांत थिजून पाणी होतें, आणि एका रोगाच्या जागीं दोन होतात.

तिसरी गोष्ट विजेच्या वाटेची. भिंतींतील ज्या सॉकेटांत चार्जर लावला आहे, त्यांत दुसरें एखादें उपकरण लावून वीज आहे याची खात्री करावी. जुन्या एक्स्टेन्शन बोर्डांतील पत्ते सैल झालेले असतात. तो टाळून थेट भिंतींत लावावें. मग चार्जरच्या ॲडॉप्टरवरील बारीक अक्षरें वाचावींत. आंत येणारी वीज १०० ते २४० व्होल्ट असें बहुधा लिहिलेलें असतें. म्हणजे आपल्याकडे २३० च्या जागीं कधीं कमी दाबाची वीज आली, तरी ॲडॉप्टर तेवढ्यानें अडत नाहीं. बाहेर जाणारी वीज मात्र लक्षपूर्वक पाहावी. '५ व्होल्ट, २ अँपियर' असें असल्यास दोहोंचा गुणाकार १०, म्हणजे तो १० वॉटचा चार्जर झाला.

येथें थोडें गणित करूं. समजा, टॅबची बॅटरी ७००० मिलिअँपियर-तास, म्हणजे ७ अँपियर-तासांची आहे. सरासरी दाब ३.७ व्होल्ट धरल्यास तिच्यांत ७ गुणिले ३.७, म्हणजे सुमारें २६ वॉट-तास वीज मावते. दहा वॉटच्या चार्जरनें ती भरण्यास अडीच-पावणेतीन तास, व वाटेंतील तूट धरून तीन-साडेतीन तास लागतील. पण संगणकाच्या साध्या यूएसबी तोंडांतून ५ व्होल्ट व अर्धा अँपियर, म्हणजे अवघे अडीच वॉट मिळतात. त्यानें तीच बॅटरी भरण्यास दहा तासांहूनही अधिक लागतील. जुन्या लहान फोनचा चार्जर या दोहोंच्या मधला. सशक्त चार्जर लावण्याचें महत्त्व यावरून ध्यानीं येईल. दुर्बल चार्जरमुळें आणखी एक फसगत होते. टॅबवर कंपनीचें चिन्ह उमटतें, क्षणभर राहतें, आणि पुन्हां अंधार होतो. उठतांना जितकी वीज खर्च होते तितकी चार्जर पुरवूं शकत नाहीं, म्हणून तो उठतो आणि कोसळतो. अशा वेळीं बटणास हात न लावतां, सशक्त चार्जरवर त्यास तासभर निमूट पडूं द्यावें.

चौथी गोष्ट केबल. केबल ही या सर्वांत अशक्त व म्हणूनच सर्वांत अधिक संशयित. प्लगच्या मानेपाशीं ती वरचेवर वांकते, आणि बाहेरून अखंड दिसत असतां आंतील तार तुटलेली असते. तीच केबल दुसऱ्या चालू उपकरणास लावून, आणि दुसऱ्या उपकरणाची चालू केबल आपल्या टॅबास लावून, असें दोन्ही बाजूंनीं तपासावें. टाइप-सी प्रकारच्या टॅबांविषयीं एक बारीक गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. ज्या चार्जरास दोन्ही टोकें टाइप-सी असलेली केबल लागते, तो पलीकडे योग्य उपकरण आहे अशी खूण पटल्याशिवाय वीज सोडीतच नाहीं. कांहीं स्वस्त टॅबांत ती खूण देणारा भाग बसविलेलाच नसतो. असा टॅब भारी किमतीच्या नव्या चार्जरवर मृतवत् पडून राहतो, आणि सोबत मिळालेल्या साध्या चार्जरवर व एका बाजूस चौकोनी तोंड असलेल्या केबलवर सुखानें भरतो. मूळ चार्जर व केबल जपून ठेवण्याचें हें एक सबळ कारण आहे.

पांचवी गोष्ट टॅबचें चार्जिंगचें तोंड, ज्यास दुकानदार चार्जिंग जॅक म्हणतात. आपला जिल्हा कापसाचा. वेचणीच्या दिवसांत घरांत, कपड्यांवर, दप्तरांत सर्वत्र कापसाचे तंतु उडत असतात. ते या तोंडांत शिरतात, दर वेळीं प्लग त्यांस आंत ठांसतो, आणि कांहीं महिन्यांत तेथें नमद्यासारखा घट्ट थर बसतो. मग प्लग पूर्ण आंत जात नाहीं व तारांची भेट होत नाहीं. चार्जर काढून, उजेडांत धरून आंत पाहावें. थर दिसल्यास लांकडी दांतकोरणीनें, कडेकडेनें, हलक्या हातानें तो उकरून काढावा. सुई, टांचणी किंवा दुसरी कोणतीही धातूची वस्तु आंत घालूं नये. तोंडानें फुंकर मारूं नये, कारण फुंकरींत ओल असते. रॉकेल किंवा पाणी लावूं नये. आंत हिरवट किंवा पांढरट बुरशीसारखा थर दिसला, तर तो धातूचा गंज होय. तें काम दुरुस्ती करणाऱ्याचें.

पावसाळ्यांत टॅब भिजला असल्यास तो पुसून, तोंड खालीं करून, वाऱ्याच्या जागीं एक-दोन दिवस वाळूं द्यावा, आणि तोंपर्यंत चार्जर लावूं नये. तांदळाच्या डब्यांत पुरून ठेवण्याची प्रथा मात्र सोडून द्यावी. आयफोन बनविणाऱ्या ॲपल कंपनीनेंच असें न करण्याविषयीं ग्राहकांस बजाविलें आहे, कारण तांदळाचे बारीक कण आंत शिरून अपाय करतात.

इतकें झाल्यावर सहावी गोष्ट, म्हणजे धीर. खात्रीचा चार्जर व केबल लावून टॅब फरशीवर किंवा लांकडी टेबलावर ठेवावा व निदान एक तास त्यास हात लावूं नये. महिनोनमहिने पडून असलेल्या टॅबास अर्धा दिवसही द्यावा. हें काम सकाळीं, घरांत माणसें जागीं असतां करावें. अशा आजारी बॅटरीस रात्रभर चार्जिंगला लावून सर्वांनीं निजून जाणें बरें नव्हे. मधूनमधून पाठीस हात लावून पाहावा. किंचित् ऊब लागली तर ती शुभ खूण समजावी. बॅटरी वीज घेऊं लागली आहे. चटका बसेल इतकी आंच लागली, तर प्रथम भिंतीवरील बटण बंद करावें.

यानंतरही पडदा काळाच राहिल्यास सातवी गोष्ट करावी. पुष्कळदां बॅटरी भरलेली असते, पण आंतील कार्यप्रणाली मध्येंच गुंतून पडलेली असते. येथें एक गोष्ट समजून घ्यावी. बटण थोडा वेळ दाबणें ही त्या कार्यप्रणालीस केलेली विनंती असते. तीच जर भान हरपून बसली असेल, तर विनंती ऐकणार कोण? परंतु तेंच बटण दीर्घकाळ दाबून धरणें हा थेट विद्युन्मंडलास दिलेला हुकूम असतो. तो कार्यप्रणालीला न विचारतां अंमलांत येतो. म्हणून चार्जर लावलेला असतांच अँड्रॉइड टॅबचें चालू-बंद करण्याचें बटण पुरतीं तीस सेकंदें, घड्याळाकडे पाहून, दाबून धरावें. तेवढ्यानें न भागल्यास तें बटण व आवाज कमी करण्याचें बटण हीं दोन्ही मिळून दहा ते वीस सेकंद धरावींत. आयपॅडवर खालीं गोल बटण असल्यास तें व वरचें बटण एकदम धरावें. गोल बटण नसल्यास, वरच्या बटणाजवळचें आवाजाचें बटण दाबून सोडावें, मग त्याच्या पलीकडचें दाबून सोडावें, आणि शेवटीं वरचें बटण सफरचंदाचें चिन्ह उमटेपर्यंत दाबून ठेवावें. असें केल्यानें टॅबमधील टिपणें किंवा चित्रें पुसलीं जात नाहींत. एखादें न जतन केलेलें काम गेलें तर तेवढेंच.

कधीं कधीं टॅब जागा असतो, केवळ त्याचा पडदा आंधळा झालेला असतो. चार्जर लावतांच सूक्ष्म कंप जाणवतो काय, नेहमीच्या वेळीं गजर वाजतो काय, संगणकास जोडल्यावर त्याचें नांव तेथें दिसतें काय, हें पाहावें. अंधाऱ्या खोलींत पडद्यावर तिरपा विजेरीचा झोत टाकल्यास पुष्कळदां पुसट चित्र दिसतें. असें असल्यास बॅटरी व चार्जर यांस दोष देऊं नये. दुरुस्ती पडद्याची हवी.

कोणी म्हणेल, "सगळें पुसून नव्यासारखा करा, म्हणजे चालूं लागेल." हा सल्ला जपून ऐकावा. कारखान्यांतून आल्यासारखें सर्व पुसून टाकण्याची सोय टॅबांत असते. पण चार्जिंग न होणें हा रोग तिनें बरा होत नाहीं, आणि वर्षभराचीं टिपणें मात्र जातात. शिवाय पुसल्यानंतर अँड्रॉइड टॅब पूर्वींच्या गूगल खात्याचा परवलीचा शब्द मागतो. तो विसरला असल्यास टॅब सुरू होऊनही बंदच. संस्थेनें किंवा शाळेनें दिलेल्या टॅबवर त्यांची स्वतःची कुलुपें असूं शकतात; तेथें त्यांस विचारल्यावांचून कांहींही पुसूं नये.

आतां ज्या धोक्याचा वर उल्लेख केला त्याकडे वळूं. आणि हा भाग पालकांनीं मुद्दाम वाचावा. जुनी किंवा दुखावलेली लिथियम-आयन बॅटरी फुगते, कारण तिच्यांतील द्रवाचें विघटन होऊन वायु तयार होतो. अशा बॅटरीचे ध्रुव आंतल्या आंत एकमेकांस भिडले, तर उष्णता वाढते, वाढलेली उष्णता रासायनिक क्रियेस आणखी वेग देते, आणि क्षणार्धांत ज्वाळा निघतात. दिवाळीपासून पुढें आपल्याकडे किती घरांत वेचलेला कापूस गंजी लावून ठेवलेला असतो! त्याच खोलींत, त्या ढिगाशेजारीं, गादीवर टॅब चार्जिंगला लावलेला असणें म्हणजे वर्षाच्या कमाईशेजारीं विस्तव ठेवण्यासारखें आहे. चार्जिंगची जागा कापूस, कडबा, गाद्या व पडदे यांपासून दूर असावी.

फुगलेला टॅब चार्जिंगवरून काढून फरशीवर, किंवा कोरडी वाळू घातलेल्या घमेल्यांत, माणसांपासून व जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावा. ती फूग टोंचून वायु काढण्याचा विचारही मनांत आणूं नये. बॅटरी बाहेर काढून तिला तारांनीं थेट वीज द्यावी, तापवावी, गोठवावी, असले उपाय दाखविणारीं चलच्चित्रें हल्लीं घरोघर पाहिलीं जातात. संरक्षक पट्टीनें जी वाट जाणूनबुजून बंद केली, ती आडमार्गानें उघडणें म्हणजे पहारेकऱ्यास बांधून दरवाजा फोडणें होय. अतिशय उतरलेल्या स्थितींत फार दिवस राहिलेल्या बॅटरींतील तांब्याचा पत्रा विरघळूं लागतो, व पुढें चार्जिंग केल्यावर तेंच तांबें आंत नको तेथें सांचून दोन ध्रुव जोडतें. अशी बॅटरी पुन्हां भरली जात नाहीं, हें बरेंच होतें. ती बदलावी.

जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडींत किंवा उकिरड्यावर टाकूं नये. केंद्र सरकारचे बॅटरी-कचऱ्याचे नियम ऑगस्ट २०२२ मध्यें निघाले, आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आले. या दोहोंनीं, विकलेल्या मालाचें उत्तरकार्य नीट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकिली आहे. बॅटरी बदलणाऱ्या दुकानदाराकडेच जुनी सोंपवून ती योग्य जागीं पोंचविण्यास सांगावें.

सर्व उपाय थकले व दुरुस्तीस जाण्याची वेळ आली, तर तयारीनें जावें. टॅबबरोबर चार्जर व केबलही न्यावी. शेवटचा केव्हां चालला, पडला किंवा भिजला होता काय, घरीं काय काय करून पाहिलें, हें कागदावर लिहून न्यावें; त्यानें दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ व आपला पैसा वांचतो. दोष बॅटरीचा, चार्जिंग जॅकचा कीं मुख्य पट्टीचा, म्हणजे मदरबोर्डचा, हें मोजून सांगण्यास त्यास विनंति करावी, व खर्चाचा अंदाज आधीं घ्यावा. पहिल्या दोहोंची दुरुस्ती बहुधा परवडते. तिसऱ्याची नव्या टॅबच्या किमतीशीं ताडून पाहावी. टॅब हमीच्या मुदतींत असल्यास बाहेर कोठेंही उघडूं देऊं नये. संस्थेकडून मिळालेला असल्यास प्रथम त्या संस्थेस कळवावें.

असो. मूर्च्छेवरील उपचार आपण पाहिले. पण ती येऊंच नये हें अधिक चांगलें, आणि त्यास खर्च कांहींच नाहीं. बॅटरी दररोज शेवटच्या थेंबापर्यंत उपसूं नये. वीस टक्के उरले कीं चार्जर लावावा. महत्त्वाच्या टिपणांची एक प्रत दुसरीकडे ठेवावी, आणि परवलीचे शब्द घरच्या वहींत, वडीलधाऱ्यांच्या स्वाधीन, लिहून ठेवावे. लवकरच उन्हाळ्याची सुट्टी लागेल. टॅब बाजूस ठेवावयाचा असेल, तर तो सुमारें अर्धा भरावा, नुसता पडदा न विझवितां पुरता बंद करावा, आणि भिंतीच्या थंड बाजूच्या कपाटांत कोरड्या जागीं ठेवावा. घरच्या दिनदर्शिकेवर मे व जूनच्या पहिल्या तारखेस एक खूण करून ठेवा, आणि त्या दिवशीं तो बाहेर काढून पुन्हां अर्ध्यापर्यंत भरा. एवढें केलेंत, तर जूनअखेर शाळेची घंटा होईल तेव्हां तुमच्याबरोबर तुमचा टॅबही जागा असेल.